वेंगुर्ल्याची मॉरिस आणि गुदमरलेला पंप

"गो बाय, पंप गेलो म्हणतत. एकदा येवन बघ."

मामाचा हा फोन गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आला. मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवते, त्यामुळे घरातली कुठलीही तार, मोटर किंवा इन्व्हर्टर बिघडला की फोन मलाच येतो. पण हा फोन आजोबांच्या गाडीसाठी होता. घरातल्या सगळ्यांना ती गाडी म्हणजे घरातलंच एक माणूस वाटते, म्हणून शनिवारी सकाळीच वेंगुर्ल्याला निघाले. पुढे जे निघालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं. किनाऱ्यावर जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकतं आणि तेही गाडीवरच्या मायेपोटीच.

गाडी १९५७ची मॉरिस मायनर १०००, इंजिन ९४८ सीसी. मायनर पहिल्यांदा १९४८ साली लंडनच्या मोटर शोमध्ये आली. ॲलेक इसिगोनिस यांची ही रचना पुढे सोळा लाखांहून जास्त संख्येने बनली. आपल्याकडे तिच्याच काळातल्या फियाटला पेट्रोलचा पंप इंजिनच्या कॅमवर चालणारा, यांत्रिक. मायनरला मात्र पहिल्यापासून विजेवर चालणारा एसयू पंप. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, बनवणारी ही कंपनी विल्यम मॉरिस यांनी १९२६ साली विकत घेतली, म्हणून गाडीचा कार्बोरेटर आणि पंप एकाच घरचे.

हा पंप कसा चालतो हे आधी सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. आत एक कॉईल, एक लवचीक पडदा आणि एक स्प्रिंग. चावी फिरवली की कॉईलमधून वीज जाते, चुंबक पडदा मागे ओढतो आणि टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. पडदा पुरता मागे आला की एक छोटा झुलता दांडा पलटी मारतो, पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं, उघडतात, वीज तुटते. आता स्प्रिंग पडदा पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. पडदा पुढे पोचला की पॉइंट परत मिटतात. ऐकू येते ती टिकटिक या पलटीची. म्हणजे ओढण्याचं काम विजेचं आणि ढकलण्याचं स्प्रिंगचं. कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी भरून तिच्या तोंडावरची सुई बंद झाली की स्प्रिंगला ढकलायला जागा उरत नाही. पंप पॉइंट उघडे ठेवून, वीज न खाता, गप्प थांबतो. पुढची वाट बंद झाली तर पंपाचं काही बिघडत नाही. मागची वाट बंद झाली तर मात्र चुंबक ओढतच राहतो, पडदा पुरता मागे येत नाही, पलटी होत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि कॉईल सतत तापते. या पंपाची कॉईल जळते ती बहुतेक वेळा अशीच.

मायनरमध्ये हा पंप बॉनेटखाली, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यावर, बॅटरीच्या शेजारी बसवलेला असतो. टाकी मागे डिकीखाली. पेट्रोल गाडीच्या सगळ्या लांबीतून खेचून आणायचं म्हणजे मागच्या वाटेवरचा कुठलाही अडथळा या पंपाच्या छातीवर बसतो.

गाडीने मामाला दगा दिला तो दोनदा. पहिल्यांदा चतुर्थीच्या चार दिवस आधी. जून ते ऑगस्ट गाडी घराशेजारच्या मांगरात, म्हणजे खोपटात, उभी होती. चावी फिरवली तर टिकटिक नाही. मामाने आजोबांचा जुना उपाय केला, पेचकसाच्या मुठीने पंपावर दोन टिचक्या. पंप जागा झाला, गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान आलं, सगळे खूश. टिचकीने पंप सुरू होतो तेव्हा तो बरा झालेला नसतो. पॉइंटवर जमलेला थर तेवढ्यापुरता हललेला असतो. पण सणाच्या घाईत हे कोण ऐकणार.

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती आंबोलीच्या वाटेवर. दरवर्षी गणपतीनंतर मामा-मामी धबधब्याला जातात. वेंगुर्ल्यात टाकी तोंडापर्यंत भरली, तुळस, मळगाव, सावंतवाडी सगळं सुरळीत. दाणोली ओलांडून घाट सुरू होतो तिथे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि थांबली. बॉनेट उघडलं तर पंपाला हात लावता येईना इतका तापलेला आणि जळकट वास. वीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाली, दोन वळणं चढली, परत बंद. शेवटी तोंड वळवून उतारावरून दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी आणली आणि सावंतवाडीच्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री जुने, हात चांगला. त्यांनी पंपावर ओलं फडकं टाकलं, वाइंच थांबायला सांगितलं, गाडी सुरू झाली. "गाडी तापता म्हणान बंद पडता," असं त्यांचं निदान. नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ खेचत राहतो. निदान अगदीच चुकीचं नव्हतं, पुढे त्याबद्दल बोलेन. पण त्यावरून केलेला उपाय महागात पडला. पंप जुना झाला म्हणून बाजारातला चौकोनी इलेक्ट्रॉनिक पंप बसवला गेला. डब्यावर दाब छापलेला चार ते सात पीएसआय. मूळ पंपाचा दाब जेमतेम दीड-दोन. मूळ कार्बोरेटरची सुई तेवढ्याच दाबाला बसणारी. नवा पंप लागताच वाटी ओसंडून पेट्रोल बाहेर ठिबकू लागलं. या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा गरम मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक आहेत. मामाला वास आला, त्याने चावी काढून घेतली आणि त्याच दिवशी जुना पंप परत लावून घेतला. गाडी बंद पडली तर घरी चालत जाता येतं. तापलेल्या लोखंडावर पेट्रोल पडलं तर काय होईल, ते लिहायलाही नको वाटतं.

मी पोचले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. मामा म्हणाला, "आता टिकटिक ऐकाक येता, मगे पंप बरोच आसा ना?" मी त्याला आधी एकच विचारलं, "बंद पडली तेव्हा टाकी किती भरलेली होती?" तो जरा थांबला, मग म्हणाला, "फुल्ल." आणि मधल्या काळात बाजारापर्यंत, शिरोड्यापर्यंत फेऱ्या झाल्या तेव्हा? तेव्हा टाकी अर्धी किंवा त्याहून कमी, आणि एकदाही त्रास नाही. पेट्रोल जास्त असताना गाडी पेट्रोलवाचून बंद पडते, हे ऐकून माझं लक्ष बॉनेटवरून मागच्या झाकणाकडे गेलं.

झाकण नवं होतं. चकचकीत, किल्लीचं. मेमध्ये बाजारात उभ्या गाडीतून कोणीतरी पेट्रोल काढलं होतं, म्हणून मामाने हे आणलं. जुन्या झाकणात हवा आत जायला मार्ग होता. हे झाकण कुठल्या तरी वेगळ्या गाडीसाठी बनलेलं, जिच्या टाकीला हवेची नळी स्वतंत्र असते. रबरी वायसर घट्ट, भोक कुठेच नाही.

मग आम्ही अंगणात एक प्रयोग केला. संध्याकाळी, चूल आणि देवघरातला दिवा यांपासून लांब, वाळूची बादली शेजारी ठेवून. टाकी भरून आणली, झाकण घट्ट लावलं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिला रबरी नळी जोडली आणि तिचं तोंड बॅटरीपासून दूर, धातूच्या कॅनमध्ये सोडलं. प्लास्टिकची बाटली मुद्दाम घेतली नाही, तिच्यात स्थिर वीज साठते. मग चावी फिरवली. चांगला पंप मिनिटाला साधारण अर्धा लीटर पेट्रोल देतो. आमच्या पंपाने पहिल्या मिनिटात त्याहून थोडं कमी दिलं, म्हणजे तिथेच काहीतरी खुपत होतं. दुसरं मिनिट तसंच. अडीच लीटरच्या पुढे टिकटिक मंदावली, जड झाली, आणि एका अर्धवट टिकेवर पंप थांबला. मी लगेच चावी बंद केली, कारण पॉइंट मिटलेले होते. मामाने मागे जाऊन झाकणाची किल्ली फिरवली. सूंऽऽ करून हवा आत गेली, मला बॉनेटपाशी ऐकू आली. परत चावी फिरवली तर पंप पहिल्यासारखा चालू.

भरलेल्या टाकीत वर हवा असते दोन-तीन लीटर. तीन लीटर पेट्रोल खेचलं तर तेवढ्याच हवेला दुप्पट जागा व्यापायची असते, त्यामुळे टाकीतला दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत हवाच चौदा-पंधरा लीटर, तीन लीटरने फारसा फरक पडत नाही. वेंगुर्ल्याहून दाणोलीच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे या गाडीला तीनेक लीटर पेट्रोल. हिशेब जिथे जुळत होता तिथेच गाडी थांबली होती. वीस मिनिटांत पेट्रोलची थोडी वाफ होऊन, वायसरमधून थोडी हवा झिरपून टाकी सावरायची, म्हणून गाडी दोन वळणं चढायची. आणि मिस्त्रींचं निम्मं बरोबर होतं ते असं, की नळीतला दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाही उकळतं. ओल्या फडक्याने कॉईल थंड झाली की तांब्याचा रोध कमी होतो, चुंबकाला थोडा जोर येतो. उपाय लागू पडला, पण मूळ कारण गाडीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पण पहिल्याच मिनिटात पेट्रोल कमी का आलं, हा प्रश्न उरलाच होता. झाकण उघडं ठेवूनही पंपाला पुरता जोर नव्हता.

पंप चालू-बंद होत राहतो तेव्हा मल्टीमीटरचे आकडे नाचतात, काही कळत नाही. म्हणून मी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब घेतला आणि पंपाच्या तारा सोडवून त्यांच्यावर तो जोडला. असा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, पंपाच्या कामाशी ताडून बघायला पुरेसा. बल्ब पेटलेला असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट. इग्निशनकडून येणाऱ्या पांढऱ्या तारेवर घट ०.४ व्होल्ट, जुन्या गाडीला चालेल इतकी. अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून वीज परत जायच्या बाजूला घट १.९ व्होल्ट. बल्ब पिवळट जळत होता, ते डोळ्यांनाही दिसत होतं. पंपाला मिळत होते जेमतेम दहा व्होल्ट. अशा अर्धपोटी चुंबकाने टाकीतल्या ओढीशी झुंजायचं.

अर्थचा स्क्रू काढला आणि कारण दिसलं. खाली नवा कोरा रंग. मामाने मेमध्ये पावसाळ्याआधी बॉनेटखालचा पत्रा घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात मारले होते. काम इतकं मन लावून केलेलं की मला बोलवेना. पण स्क्रूची जागा झाकायची राहिली आणि अर्थची चकती रंगावर बसली. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं, म्हणजे अर्थ पॉझिटिव्ह आहे, पण त्याने इथे काही फरक पडत नाही. वीज कुठल्याही दिशेने गेली तरी रंगातून जात नाही. स्क्रूच्या आट्यांतून मिळेल तेवढा मार्ग ती काढत होती.

तिसरी गोष्ट पंपाच्या टोकाच्या काळ्या टोपीखाली होती. टोपीच्या कडेने पारदर्शक सिलिकॉन भरलेलं. "खारो वारो आत जाता, म्हणान," मामा हळूच म्हणाला. टोपी काढली तर व्हिनेगरसारखा वास. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, वाळताना आंबट वास सोडणारं सिलिकॉन ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्या-पितळेला खातं. बंद टोपीत ते आम्ल कोंडून राहिलं. पितळेवर हिरवट थर, पॉइंट करडे, खरबरीत. शिवाय पडद्याच्या मागच्या बाजूची हवा प्रत्येक टिकेबरोबर आत-बाहेर व्हावी लागते. त्यासाठी पंपाला ठेवलेली वाटही सिलिकॉनने बुजली होती. चतुर्थीआधी पंप मुका का झाला होता, ते आता कळलं.

मी तिन्ही गोष्टी अंगणातल्या पेळेवर, म्हणजे कट्ट्यावर, मांडल्या. झाकण, रंगाचे कपचे चिकटलेली चकती आणि सिलिकॉनची सोललेली पट्टी. एक चोरापासून वाचवायला, एक गंजापासून, एक खाऱ्या वाऱ्यापासून. मामा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. मला त्याचं वाईट वाटलं. माझ्या मते या प्रकरणात निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला सगळं लिंपून बंद करावंसं वाटणारच. घराची कौलंही आपण पावसाआधी अशीच चाळून घेतो. पण कौलारू घर कितीही शाकारलं तरी धुराला वाट ठेवलेली असते.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगते. पॉइंट तेव्हापुरते कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून, मध्ये धरून ओढून साफ केले. पॉलिश पेपर लावला नाही, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. पुढे पॉइंट आणि पडदा दोन्ही नवे मागवले. पडदा इथेनॉलला टिकणारा घेतला, कारण आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाच्या आतल्या जाळीत काळे भुगे सापडले होते, ते टाकीपाशी असलेल्या जुन्या रबरी नळीचे. ती नळीही बदलली. टाकीच्या तळाचं गढूळ पेट्रोल काढून टाकलं.

नवा पडदा बसवताना एक गोष्ट चुकवून चालत नाही. तो आट्यांवर फिरवत आत न्यायचा, दांडा पलटी मारायचा थांबेपर्यंत. मग प्रत्येक वेळी एक षष्ठांश फेरा उलटा फिरवत, हाताने दाबून बघत, पलटी जेमतेम सुरू होईल तिथे थांबायचं. तिथून आणखी दोन तृतीयांश फेरा, म्हणजे कडेची चार भोकं, मागे. हे सावंतवाडीच्या मिस्त्रींनी केलं, मी फक्त भोकं मोजली. त्यांच्या बोटांना पलटी माझ्या आधी कळत होती.

पॉइंट उघडताना कॉईलमधली वीज ठिणगी मारते आणि पॉइंट खाते. ती शमवायला काही जण डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग, लावतात. डायोडला दिशा असते आणि आपल्याकडे मिळणारे तयार संच बहुधा निगेटिव्ह अर्थसाठी जोडलेले असतात, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पहिल्या चावीलाच जातात. आम्ही दोन्ही दिशांना चालणारा, जास्तीचे व्होल्ट शोषून घेणारा व्हॅरिस्टर लावला.

अर्थची जागा पत्र्यापर्यंत घासून, नवी वेणीची तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापर्यंत नेली, घट्ट केल्यावर वरून ग्रीस. आधी धातूला धातू, मग ग्रीस, मग हवा तर रंग. तोच बल्ब लावून परत मोजलं, घट ०.०५ व्होल्ट. टोपीच्या सांध्यावर मूळचा रबरी पट्टा बसवला आणि हवेची वाट मोकळी ठेवली. झाकण किल्लीचंच हवं होतं, तर हवेचा मार्ग असलेलं किल्लीचं झाकण शोधून आणलं. ते येईपर्यंत जुनं झाकण सुतळीने बांधून वापरलं.

दोन गोष्टी मी हट्टाने नव्या घातल्या. मूळ गाडीत पंपाच्या तारेला फ्यूज नाही, तिथे फ्यूज टाकला. आणि धक्क्याने तुटणारा स्विच. चावी चालू असेपर्यंत हा पंप पेट्रोल ढकलणार, गाडी झाडावर आदळून नळी फुटली तरी. हा स्विच जोराचा धक्का बसताच पंपाची वीज तोडतो आणि वरचं बटण दाबलं की परत जोडतो. बारीक कागदी फिल्टर मामाला टाकीच्या बाजूला हवा होता, तो मी पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या बाजूला लावला. मागच्या वाटेवर आता मला काहीही नको होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी टाकी तोंडापर्यंत भरून आम्ही आंबोलीला गेलो. दाणोलीला गाडी मुद्दाम थांबवली नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर, खिडक्या उघड्या, मामी मागे गप्प बसून कान देत होती. वर पोचल्यावर मी पंपाला हात लावून बघितला. कोमट होता.

या जूनमध्ये गाडी परत मांगरात गेली. टाकी भरून, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. दर रविवारी मामा चावी फिरवून पंपाची टिकटिक ऐकतो आणि मग इंजिन दहा मिनिटं चालवतो, पॉइंटवर थर बसायला नको म्हणून. वाटी भरेपर्यंत किती टिका पडल्या ते तो मोजून मांगराच्या दारावर खडूने लिहितो. आकडा अचानक वाढला तर मागे कुठेतरी हवा शिरतेय, आणि वाटी भरल्यावरही टिकटिक थांबली नाही तर सुई किंवा झडप गळतेय, एवढं त्याला आता पाठ आहे. गेल्या रविवारी पावसात नेटवर्क नव्हतं, तरी रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. "आज चौदा. मग गप्प."